विहीणबाईंचा डबा

कांताबाईंच्या मते माणसाचे निम्मे आजार फ्रीजमधून येतात आणि उरलेले मोबाइलमधून. शिळी भाजी गरम करून खाल्ली की गुडघे धरतात, जेवताना मोबाइल बघितला की अन्न अंगी लागत नाही, आणि ओट्स हे घोड्याचं खाणं असून ते रोज खाणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर घोड्याचीच उदासी येते, अशी त्यांची पक्की मतं होती. कुणी विचारायची वाट त्या बघत नसत. गुरुग्रामच्या उंच सोसायटीत चौदाव्या मजल्यावर मुलाकडे राहायला आल्यापासून लिफ्टमध्ये भेटलेल्या पंजाबी बायकांनाही त्यांनी आपल्या मोडक्या हिंदीत शतपावलीचं महत्त्व पटवलं होतं.

ही मतं काही हवेतून आली नव्हती. नवरा सुभेदार. त्यांच्या पलटणीमागे अंबाला झालं, झाशी झाली आणि शेवटी दिल्ली कॅन्टोन्मेंट. तिथल्या क्वार्टरांत सातारा-सांगलीकडून नुकत्याच आलेल्या कोवळ्या पोरी असत. नवरा सीमेवर, माहेर कुठल्या कुठे. अशा पोरींची बाळंतपणं कांतावहिनी करत. अंगाला तेल, खाटेखाली शेगडी, हळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू. "आई नव्हती तिथे वहिनी होत्या," असं त्या पोरी अजून म्हणतात. सुभेदार गेले, क्वार्टर सुटलं, पण त्या एका वाक्यावर कांताबाई आपलं म्हातारपण ताठ मानेने काढत होत्या.

म्हणून सुनेला दिवस गेले तेव्हा त्यांनी मनातल्या मनात पदर खोचला. सून सुरुची पुण्याची, नोकरी गुरुग्रामला. डॉक्टरांनी तिला प्रवासाची मनाई केली, तेव्हा "अगं बाई, माहेरपण हुकलं गं तुझं," असं कांताबाई तोंडाने म्हणाल्या आणि आत जाऊन देवापुढे साखर ठेवली.

ती साखर मुंग्यांनी खाल्ली. आठवड्याच्या आत पुण्याहून सुरुचीच्या आईचा, कुमुदिनीताईंचा फोन आला. "पहिलं बाळंतपण आईचं. रीतच आहे. तिला येता येत नाही ना, मग मीच येते."

रीतीपुढे कांताबाई काय बोलणार? रीत, रीत करून जन्मभर दुसऱ्यांची डोकी खाल्लेली. आता ती रीत त्यांच्याच स्वयंपाकघरात बॅग घेऊन उतरली.

कुमुदिनीताई आल्या त्या ऐन थंडीत. अंगावर मऊ शाल, आवाजही तसाच मऊ, आणि हातात स्टीलचा एक भला मोठा डबा. डब्याच्या झाकणावर बारीक अक्षरांत 'कुमुदिनी' असं नाव कोरलेलं. आत डिंकाचे लाडू. "मीच केलेत," असं त्या म्हणाल्या आणि डबा ओट्याच्या बरोबर मधोमध ठेवला. कांताबाईंनी बाभळीचा डिंक आणि खारीक आणायला मेट्रोने थेट जुन्या दिल्लीतल्या खारी बावलीच्या मसाला बाजारापर्यंत धडक मारली होती. त्यांच्या लाडवांचा प्लास्टिकचा डबा त्याच दिवशी कोपऱ्यात मिक्सरच्या मागे सरकला.

कांताबाईंना हेवा वाटत होता. त्याला दुसरा सभ्य शब्द शोधण्यात काही अर्थ नाही. हॉस्पिटलात कळा सुरू झाल्या आणि नर्स म्हणाली, "एक ही अंदर आ सकती है, मां कौन है?" तेव्हा दोघी एकदमच पुढे झाल्या होत्या. सुरुचीने नुसतं एकीकडे बघितलं. ते बघणं कांताबाईंच्या काळजात कुसळासारखं रुतून बसलं. सुरुची दोघींनाही आईच म्हणायची, पण एकीला "अगं आई" आणि दुसरीला "अहो आई". एवढे दिवस त्यांना त्यात मान दिसत होता. आता त्यांना त्यात अंतर दिसू लागलं.

मुलगी झाली. गोरी, नाकेली. घरी आल्यावर कांताबाईंनी तिला ओव्याची धुरी द्यायला निखारे पेटवले, तर धूर हुंगणारा छतावरचा गोल डोळा किंचाळायला लागला. भोंगा वाजला, खालून सिक्युरिटीवाला धावत वर आला, बाळ दचकून रडलं, आणि मुलगा अविनाश ऑफिसचा कॉल अर्धा टाकून बाहेर आला. "आई, यार, हे काय! बाहेर एवढं पोल्युशन, त्यात घरात धूर?"

"धुरी आहे ती. तुला दिली होती तेव्हा काही झालं का?"

"कांताताई, डॉक्टरांनी धूर नको सांगितलाय," कुमुदिनीताई शांतपणे म्हणाल्या. "बाळाची फुफ्फुसं कोवळी असतात."

त्या बरोबर बोलत होत्या, हाच सगळ्यात मोठा राग. चूक माणसाचा हेवा करणं सोपं असतं.

मग कांताबाई विहिणीची उणी शोधू लागल्या. मनात किल्मिष असलं की उण्यांचा तोटा पडत नाही. कुमुदिनीताई चहाचा कप दोन्ही हातांनी धरत, तोही अर्धाच भरलेला. 'काय नाजूकपणा!' कांताबाई मनात म्हणत. घरात हीटर चालू असला तरी त्यांचे हात शालीच्या आत. नातीला उभ्याने कधी घेत नसत. पलंगावर टेकून बसत आणि "द्या माझ्या मांडीवर," असं राणीसारखं सांगत. आणि बाळाची आंघोळ? तिच्यासाठी त्यांनी चक्क जापावाली ठेवायला लावली. दिल्लीकडे बाळंतिणीचं आणि बाळाचं करायला अशी बाई ठेवतात. ही ममता नावाची होती, हसतमुख होती, कामाला चांगली होती. पण बाळंतपणाचा हक्क सांगून आलेली आई आणि तेल लावायला भाड्याची बाई! क्वार्टरमधल्या परक्या पोरींच्या पाठी कांताबाईंनी स्वतःच्या हातांनी रगडल्या होत्या, आणि इथे ते हात मांडीवर ठेवून त्या बाल्कनीतल्या धुक्याकडे बघत बसत.

राहता राहिले लाडू. सुरुचीने आईचा लाडू एकदा खाल्ला आणि अर्धा ठेवून दिला.

"अगं आई, या वेळी वेगळे झालेत गं. डिंक दाताला चिकटतोय."

कांताबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी लगोलग आपला डबा पुढे केला.

"अहो आई, दोन-दोन प्रकारचे कसे खाऊ? आधी आईचे संपवते, नाही तर तिला वाईट वाटेल. मग तुमचे. नक्की!"

आईला वाईट वाटेल. आणि सासूला? सासूचं काळीज काय लोखंडाचं? त्या दुपारी सगळे झोपले असताना कांताबाईंनी जे केलं ते शहाण्या बाईने करू नये. त्यांनी विहिणीच्या डब्यातले लाडू काढून एका पिशवीत भरले, ममताला घरी न्यायला दिले आणि स्वतःचे लाडू त्या नाव कोरलेल्या डब्यात नीट रचून ठेवले. हेतू एवढाच, की आपल्या हातचं सुनेच्या पोटात जावं. निदान त्यांनी स्वतःची समजूत तशी घातली.

संध्याकाळी सुरुचीने लाडू तोडला आणि तिचे डोळेच मिटले. "आई! अगं, मुरल्यावर काय झालेत हे! कसली भारी चव आहे!"

कांताबाई दारातच उभ्या होत्या. कुमुदिनीताईंनी एक लाडू उचलला, एक घास घेतला आणि जरा थांबल्या. डब्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हो गं. डिंकाचे लाडू मुरले की चांगलेच होतात."

कौतुक त्यांनी घेतलं! सरळ घेतलं, आणि वर शाल सारखी केली. कांताबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणार काय? मी तुमच्या डब्यात हात घातला, असं? चोराची आई हळूच रडते म्हणतात, इथे तर स्वतः चोरालाच रडता येईना.

आणि मजा अशी, की त्यांना थांबताही येईना. सुरुची रोज दोन लाडू खायची. तिच्या गालांवर रंग आला, बाळाला दूध पुरायला लागलं. डबा तळाला गेला की कांताबाई भल्या पहाटे नवे लाडू वळून त्यात भरायच्या. सून आपल्या हातचं खाते याचा आनंद आणि नाव विहिणीचं होतं याची जळजळ, दोन्ही एकाच घासाला.

"तुझ्या आईचा डबा आहे की द्रौपदीची थाळी?" अविनाशने एकदा सुरुचीला विचारलं. तो दिल्लीत वाढलेला, डिंकाला गोंद म्हणणारा. "वो गोंद के लड्डू संपतच नाहीत!"

सुरुची हसली. कुमुदिनीताईही हसल्या, पण कांताबाईंकडे न बघता. कांताबाईंनी तेव्हाच मनाशी ठरवलं, की बारशाच्या दिवशी चार बायकांत हे दूध का दूध करायचं.

बाराव्या दिवशी बारसं. दिवाणखान्यात पाळणा सजला. सोसायटीतल्या मराठी बायका आल्या, आणि दिल्ली कॅन्टोन्मेंटहून विजया आली. विजया म्हणजे सुभेदारांच्या पलटणीतल्या एका हवालदाराची बायको. तिचं पहिलं बाळंतपण कांताबाईंनीच केलेलं. कांताबाईंनी सकाळी लाडवांचं मिश्रण करून परातीत झाकून ठेवलं होतं, तेही स्वयंपाकघरात नव्हे, जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांना दिसेल असं.

बाळाला पाळण्याखालून एकीने द्यायचं, वरून दुसरीने घ्यायचं, अशी वेळ आली. घरच्या दोन आज्या पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहायला हव्यात. कुमुदिनीताई खुर्चीतून उठल्याच नाहीत. "विजयाताई, तुम्ही घ्या ना माझ्या बाजूने. माझी कंबर धरलीय." विजया पुढे झाली. बाळाचं नाव शिवांजली ठेवलं, कानात कुर्र झालं. कांताबाईंना वाटलं, रीत सांगून हिने माझं बाळंतपण नेलं, आणि आता रीतीच्या वेळी हिची कंबर धरते!

मग खाणं सुरू झालं. सुरुचीने कौतुकाने आईचा डबा फिरवला. विजयाने लाडवाचा घास घेतला आणि तिथेच म्हणाली, "अय्या, वहिनी! ही तर तुमची चव. जायफळ आणि भाजलेली खसखस, मी झोपेत ओळखेन."

"नाही हो, हे माझ्या आईचे," सुरुची म्हणाली.

"शक्यच नाही."

देवाने ताटच वाढून दिलं होतं. कांताबाईंनी परातीवरचं झाकण काढलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "त्यात काय एवढं? मिश्रण तयारच आहे. कुमुदिनीताई, एक लाडू वळून दाखवाच सगळ्यांना. वळलेला लाडू आपला हात सांगतो."

बायका हसल्या, कुणी टाळीही दिली. "दाखव ना गं आई!" सुरुची म्हणाली.

कुमुदिनीताई उठल्या. नाही म्हणाल्या नाहीत. शाल खुर्चीवर ठेवली, टेबलापाशी आल्या आणि बायकांकडे पाठ करून मिश्रणात हात घातला. त्या हाताकडे बघायला समोर एकट्या कांताबाई होत्या.

हात थरथरत होता. भीतीने कापतो तसा नाही. मनगटापासून बोटांपर्यंत, एका लयीत, मालकिणीला न विचारता. कुमुदिनीताईंनी मूठ आवळली. मिश्रण बोटांतून सुटून परातीत पडलं. त्यांनी पुन्हा घेतलं, दुसरा हात आधाराला लावला, तर तोही तसाच. खारकेचा भुगा टेबलभर सांडला. त्यांनी मान वर केली आणि कांताबाईंकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, गयावयाही नव्हती. एवढंच होतं, की आता तुमच्या हातात आहे.

अर्धा कप चहा. शालीतले हात. मांडीवर आणून दिलेली नात. तेल लावायला ठेवलेली ममता. कांताबाईंना सगळं एकदम कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खरं सांगायचं तर, त्याही क्षणी मनाचा एक कोपरा म्हणत होताच, बोल, आत्ताच बोल.

"का गं आई, वळत नाही का?" मागून सुरुचीने विचारलं.

"वळेल कसा!" कांताबाई मोठ्याने म्हणाल्या आणि परात आपल्याकडे ओढली. "माझंच मिश्रण बिघडलंय. तूप कमी पडलं. म्हातारपणी हात आखडता होतो बघा! असल्या भुग्याचे लाडू ब्रह्मदेवालाही वळायचे नाहीत. ताई, सोडा तुम्ही, हात धुऊन घ्या."

विजयाने तोंड उघडलं. कांताबाईंच्या मिश्रणात तूप कमी? कांताबाईंनी डोळे असे वटारले की जुन्या क्वार्टरमधली ती पोर मुकाट्याने सुंठवडा खाऊ लागली. सोसायटीतल्या एका बाईने मात्र सल्ला दिला, "आंटी, तूप जरा गरम करून घालायचं असतं." पन्नास वर्षं लाडू वळलेल्या कांताबाई म्हणाल्या, "हो का? लक्षात ठेवीन."

बायका गेल्यावर स्वयंपाकघरात कुमुदिनीताई आल्या. या वेळी त्यांचे हात शालीबाहेर होते.

"दिवाळीपासून सुरू झालंय," त्या म्हणाल्या. "अजून तपासण्या चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, वाढणारं दुखणं आहे. घरी यांना माहीत आहे, सुरुचीला नाही. ओल्या बाळंतिणीला कशाला घोर? सव्वा महिना होऊ दे, मग मीच सांगेन."

"आणि तुमचे ते लाडू?"

"पुण्यात एका बाईंकडून विकत घेतले. आईने रिकाम्या हाताने कसं यायचं?" त्या थोडं हसल्या. "तुम्ही डब्यातले लाडू बदललेत ते मला पहिल्याच घासाला कळलं. बोलायला हवं होतं. पण ती माझ्याकडे बघून 'आई, कसली चव' म्हणाली ना, तेव्हा मला लोभ सुटला. आता माझ्या हातचं तिला पुन्हा कधी काय मिळणार, कांताताई? तुमचा फार हेवा वाटतो हो. तुम्ही नातीला उचलून घेता, तेल लावायचं म्हणता, पहाटे उठून लाडू वळता. मी रात्री जागी असते. तुमच्या परातीचा आवाज ऐकत पडते."

आपला कुणी हेवा करावा हे कांताबाईंच्या हिशेबातच नव्हतं. त्यांनी चहा टाकला, अर्धा कप भरला आणि कुमुदिनीताईंच्या हाताखाली आपला हात धरून तो पाजला.

पुढच्या तपासणीची तारीख आली तशी पुण्याला जायला कुमुदिनीताईंनी बॅग भरली, पण डबा ओट्यावरच ठेवला. कांताबाईंनी तो घासून पुसून आणून दिला.

"राहू द्या इथेच," कुमुदिनीताई हळूच म्हणाल्या. "सव्वा महिना तरी भरत राहा. माझ्या नावाने. मागायला लाज वाटते, पण मागते."

कांताबाई नुसतं हूं म्हणाल्या. त्या हूंमध्ये मोठं मन वगैरे फारसं नव्हतं. टॅक्सी फाटकाबाहेर गेली तेव्हा सुरुची बाल्कनीत बाळाला घेऊन रडत होती, आणि कांताबाईंच्या पोटात पुन्हा ती ओळखीची जळजळ उठली. हात चालत नाहीत त्या बाईचे, लाडू विकतचे, तरी पोरगी तिच्यासाठीच रडणार. आपण जन्मभर लाडू वळले तरी ही नजर आपल्याकडे वळायची नाही. हे कळलं, म्हणून जळजळ थांबली असं काही झालं नाही.

पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उठल्या. बाहेर धुक्यात समोरचे टॉवर गडप झाले होते. त्यांनी डिंक तळला, खसखस भाजली, जायफळ किसलं, आणि तूप हात न आखडता घातलं. लाडू वळून नाव कोरलेल्या डब्यात भरले.

दुपारी सुरुचीने डबा उघडला. "बाई गं, आई जाताना एवढे करून गेली? कधी केले हिने?" तिने एक लाडू तोडून तोंडात टाकला. डोळ्यांत पाणी, तोंडात घास, मांडीवर शिवांजली. मग तिने सासूकडे बघून लाडिकपणे विचारलं, "अहो आई, तुम्ही का नाही हो करत असे?"

कांताबाईंच्या जिभेवर सगळं आलं. खारी बावली, पहाटेची परात, पन्नास वर्षांचा हात. त्यांनी ओट्यावरचा फडका उचलला आणि डब्याच्या झाकणावरचा तुपाच्या बोटाचा डाग पुसला.

"मला नाही जमत गं, तुझ्या आईसारखे," त्या म्हणाल्या.